तीन नंबरची लाइन ठीक आहे

तीन नंबरच्या घरात बाथरूमच्या दाराची बाहेरची कडी ढिली झाली होती. दार जरा जोरात आपटलं की उभी करून ठेवलेली कडी आपसूक खाली यायची आणि कोयंड्यात जाऊन बसायची. सुताराला बोलवायला हवं, असं ती बरेच दिवस म्हणत होती. ऐकायला घरात कोणी नव्हतं, त्यामुळे तेही मनातल्या मनातच. नवरा जाऊन बराच काळ लोटला होता, मुलगी सातासमुद्रापलीकडे होती, आणि एकट्या बाईच्या बाथरूमला बाहेरून कडी लावणार तरी कोण, असा तिचा बिनतोड हिशेब होता. त्या हिशेबात तिने वादळ धरलं नव्हतं.

तीन नंबर हे काही तिचं पाळण्यातलं नाव नव्हे. पण ते नाव घेऊन हाक मारणारी माणसं एकेक करत संपली, आणि उरल्या त्या टेलिफोन एक्स्चेंजमधल्या मैत्रिणी. पाच बोर्ड, पाच ऑपरेटर, प्रत्येकीची खुर्ची ठरलेली. बोर्डाचा नंबर तोच बाईचा नंबर. लग्नं झाली, आडनावं बदलली, नंबर तेवढे कायम राहिले. पुढे यंत्रं आली, एक्स्चेंज बंद पडलं, पाचही जणी आपापल्या घरी बसल्या, आणि मोबाइल हातात आल्यावर पुन्हा एका ग्रुपवर जमल्या. ग्रुपचं नाव ‘बोर्ड’. ग्रुपच्या डोक्यावर अर्थातच सुपरवायझरबाई. बाई आता ऐंशीच्या घरात होत्या, पण आपण निवृत्त झालो आहोत ही बातमी त्यांनी अजून मनावर घेतली नव्हती.

एक्स्चेंजमध्ये वादळाचा एक नियम असे. बाहेर वादळ सुरू झालं की तासाच्या ठोक्याला प्रत्येक बोर्डाने ‘लाइन ठीक’ एवढंच सांगायचं. त्यापलीकडे एक अक्षर बोलायचं नाही, कारण लाइन मोकळी हवी. एकदा असंच वादळ चालू असताना छताचं प्लॅस्टर सुटून पाच नंबरच्या डोक्यात पडलं. तिने आधी ‘लाइन ठीक’ सांगितलं आणि मग ती बेशुद्ध पडली. ही गोष्ट बाई आजही अभिमानाने सांगत. डोक्याचं पुढे काय झालं, ते कोणी विचारत नसे. पाच नंबरसुद्धा आताशा ती गोष्ट दुसऱ्याच कुणाच्या तरी डोक्याची असावी तशी ऐकून घ्यायची.

या वादळाचा इशारा आला तेव्हा आदल्या संध्याकाळीच ग्रुपवर हुकूम निघाला.

“उद्या नेहमीचा नियम लागू राहील. दर तासाला प्रत्येकीने लाइन ठीक एवढेच कळवावे. फुले, सुविचार व नातवंडांचे फोटो पाठवून लाइन अडवू नये. दोन नंबरची लाइन बंद आहे, याची नोंद आहे. सुपरवायझर.”

दोन नंबर मागच्या वर्षी वारली होती. बाईंच्या लेखी ती लाइन बंद होती, बस्स. या हुकमाला एक नंबरने ताबडतोब गुलाबाचं फूल पाठवून होकार दिला.

चार नंबरने काहीच पाठवलं नाही, आणि तीन नंबरला तेवढंच लागलं. चार नंबर म्हणजे शेजारच्या खुर्चीवरची. सगळी नोकरी दोघींनी कोपराला कोपर लावून केली. एकीच्या डब्यातलं दुसरीने खाल्लं, एकीच्या सासूला दुसरीने नावं ठेवली. आता चार नंबर दोन गल्ल्या सोडून राहायची, चालत आलं तर चहाचं आधण उकळेपर्यंत पोहोचता येईल इतक्या जवळ. तरीही मध्यंतरी तीन नंबर तापाने फणफणली तेव्हा चार नंबर आली नाही. ‘लवकर बरी हो’ असं लिहिलेलं एक अस्वलाचं चित्र तेवढं तिने पाठवलं. तीन नंबरने त्या अस्वलाला हात जोडून आभार मानले आणि मनात पक्की गाठ मारली. खरोखर वेळ आली तर ही येईल की नाही, हे तिला एकदा बघायचं होतं. दुसरं कोणी आलं नसतं तरी तिला चाललं असतं.

वेळ दुसऱ्याच दिवशी दुपारी आली. वारा असा सुटला होता की खिडक्यांच्या काचा थरथरत होत्या, आणि पुढच्या दाराच्या फटीतून पाणी आत यायला लागलं होतं. तीन नंबरने पुढचं दार सताड उघडलं आणि खराट्याने पाणी बाहेर लोटायला घेतलं. ते आवरेना, तेव्हा बादली आणायला ती बाथरूममध्ये शिरली. त्याच क्षणी उघड्या दारातून वाऱ्याचा लोट आत घुसला, थेट स्वयंपाकघरापर्यंत गेला आणि जाता जाता त्याने बाथरूमचं दार फाडकन लावून टाकलं. बाहेर कडी खाली पडल्याचा आवाज तिने स्पष्ट ऐकला.

तिने दार ओढलं, ढकललं, लाथ मारून पाहिली. दार जुनं होतं आणि दणकट होतं, हल्लीच्या दारांसारखं समजूतदार नव्हतं. बाथरूमला एकच झरोका, तोही छताजवळ आणि मांजराच्या मापाचा. गाऊनच्या खिशात मोबाइल होता, एवढंच काय ते नशीब. तिने तो बाहेर काढला, आणि तेवढ्यात तासाचा ठोका पडला.

ग्रुपवर एकामागून एक मेसेज आले. एक, लाइन ठीक. चार, लाइन ठीक. पाच, लाइन ठीक. आणि तीन नंबरच्या बोटांनी, डोक्याला न विचारता, तीन, लाइन ठीक असं टाइप करून पाठवूनही दिलं. पाठवल्यावर ती स्वतःच त्या अक्षरांकडे बघत राहिली. जन्मभर तिला लाइनीचंच विचारलं गेलं होतं, आणि लाइन होतीच ठीक. सिग्नलच्या चांगल्या तीन काड्या दिसत होत्या.

“सर्व लाइन ठीक. शाब्बास,” बाईंचा मेसेज आला.

आता लगेच ‘मी ठीक नाही’ म्हणायचं तर बाईंच्या शाब्बासकीवर पाणी पडणार. तीन नंबरने थोडा वेळ गप्प बसून पाहिलं. वारा पडेल, कोणीतरी येईल, कडी आपोआप पडते तशी आपोआप उठेलही, असे विचार तिने करून पाहिले. मग मोरीच्या जाळीतून गुडगुड आवाज आला आणि जे पाणी खाली जायचं ते वर यायला लागलं. त्याला वास होता. मग मात्र तिने लिहिलं, “मी बाथरूममध्ये अडकलेय.”

एक नंबरचं उत्तर तत्काळ आलं. “होतं गं असं या हवेत. मीठ-साखर घालून पाणी पी. घोट घोट.”

पाच नंबरने लिहिलं, “मला तर अगदी उलट होतं. तीन-तीन दिवस काही नाही. तू पपई खाऊन बघ.”

“प्रकृतीच्या तक्रारी वादळानंतर,” बाईंनी लिहिलं.

तीन नंबरने दात-ओठ खात पुन्हा टाइप केलं. “पोट नाही. दार. बाहेरून कडी पडली आहे. मोरीतून पाणी वर येतंय. पुढचं दार उघडंच आहे. कुणीतरी येऊन नुसती कडी काढा.”

यावर ग्रुपवर थोडा वेळ शांतता पसरली. ज्यांना ज्यांना काही करता येण्यासारखं असतं, त्यांची अशी शांतता पसरते. मग एक नंबरने डोळ्यांत पाणी असलेला चेहरा पाठवला.

तीन नंबरने चार नंबरला फोन लावला. पूर्ण रिंग वाजली. कोणी उचलला नाही. पुन्हा लावला, पुन्हा वाजून थांबला. तिने चार नंबरला स्वतंत्र मेसेज केला, “चारे, बाथरूममध्ये कोंडले गेलेय. ये ना जरा.” मेसेज पोहोचला, पण चार नंबरने वाचल्याची खूण काही उमटेना.

मदतकेंद्राचा नंबर होता. तो तिने लावला तर एका गोड आवाजाने सांगितलं की आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे, आणि मग सनई लावली. तीन नंबरला सनईचा राग आला नाही, हलगर्जीपणाचा आला. तिच्या काळी कुणाला इतका वेळ ताटकळत ठेवलं असतं तर बाईंनी मेमो दिला असता. मुलीला फोन करावा असं एकदा मनात आलं. पण तिकडे ती गाढ झोपेत असेल, आणि उठून करणार काय, तिथून रडणार. तिने एक नंबरला फोन लावला.

“अगं, तुझा आवाज किती स्वच्छ येतोय,” एक नंबर म्हणाली.

“पाणी घोट्याच्या वर आलंय.”

“ऐकू येतंय ना. पाण्याचासुद्धा आवाज येतोय. काय लाइन आहे गं तुझी. माझ्याकडे नुसती खरखर.”

“तू लांब राहतेस ते मला कळतं. पण तुझा जावई माझ्याच बाजूला कामाला असतो ना? त्याला सांग, जाता जाता दोन मिनिटं थांब म्हणून. पुढचं दार उघडं आहे, कडी तेवढी काढायची आहे.”

“त्याला कशाला गं. तो आधीच माझ्यावर वैतागलेला असतो. असं करते, मी पाचला सांगते. ती करेल बघ काहीतरी.”

“पाचला मीच सांगितलंय. ग्रुपवर.”

“ग्रुपवरचं वेगळं आणि सांगणं वेगळं. तू ठेव, मी जोडून देते.”

जोडून देते. तीन नंबरने फोनकडे पाहिलं. जन्मभर सगळ्यांनी मिळून हेच तर केलं होतं. कुणाचा जीव जात असो, कुणाला मूल होत असो, ऑपरेटरने मध्ये बोलायचं नाही, पुढे जोडून द्यायचं आणि बोर्डातली आपली दोरी काढून घ्यायची. काम झालं. ते काम त्यांनी इतकं चोख केलं होतं की आता दुसरं काही त्यांना येतच नव्हतं. तीन नंबरलाही येत नव्हतं, नाहीतर तिने मघाशी ‘लाइन ठीक’ कळवलं नसतं.

थोड्या वेळाने पाच नंबरचा फोन आला.

“एक नंबर म्हणाली तू अडकलीस. खरं का?”

“खरं.”

“बरं झालं विचारून घेतलं. आजकाल काय वाट्टेल त्या अफवा येतात. आमच्याकडे तर सकाळपासून धरण फुटलंय म्हणून मेसेज फिरतोय. आमच्या इथे धरणच नाही.”

“पाचे, माझ्या पोटऱ्या बुडाल्यात. कुणाला पाठवतेस का?”

“पाठवते म्हणजे काय, पाठवायलाच हवं. पण आधी बाईंच्या कानावर घालते. असं परस्पर काही केलं की त्यांना आवडत नाही, तुला माहीत आहे.”

“पाचे, तुझ्या डोक्यात प्लॅस्टर पडलं होतं तेव्हा तुला पाणी कोणी दिलं होतं आठवतं का?”

“तू आणि चारने,” पाच नंबर म्हणाली. आणि मग घाईघाईने, “तर मी कळवते हं बाईंना.”

बाईंना कळवलं गेलं. बाईंचा चष्मा अंधारात सापडत नव्हता, आणि मेसेज वाचण्यापेक्षा पाठवण्याचीच त्यांना जास्त सवय होती. त्यांनी एकूण प्रकरणावर विचार केला, कोण कुठे राहतं ते आठवून पाहिलं, आणि सर्वांत सोयीच्या व्यक्तीला वैयक्तिक मेसेज केला. तो तीन नंबरच्या मोबाइलवर येऊन थडकला.

“आपल्यापैकी एक सदस्य बाथरूममध्ये अडकली असल्याचे समजते. तिच्या घराला आपण सर्वांत जवळ आहात. कृपया तातडीने जाऊन पाहावे व कळवावे. सुपरवायझर.”

तीन नंबरने तो मेसेज दोनदा वाचला. मग लिहिलं, “बाई, ती मीच आहे.”

“मग तर उत्तमच. कळवा,” उत्तर आलं.

पुढचा ठोका पडला. एक, लाइन ठीक. पाच, लाइन ठीक. आणि सगळ्यांच्या आधी, ठोक्याच्या पहिल्या टणत्काराला, चार, लाइन ठीक. तीन नंबरने लिहिलं, “तीन. लाइन ठीक. मी ठीक नाही.”

“पहिल्या भागाची नोंद घेतली आहे,” बाईंनी कळवलं.

पण आता तीन नंबरचं बाईंकडे लक्षच नव्हतं. ती चार नंबरचे ते दोन शब्द बघत होती. म्हणजे फोन हातात आहे. ठोक्यावर डोळा आहे. बाईंना हजेरी द्यायला बोट उचलतं. आणि माझे दोन फोन, माझा मेसेज, तेवढा दिसत नाही. थंडगार घाण पाण्यात उभ्या असलेल्या तीन नंबरला पहिल्यांदाच अंगभर ऊब आली. ती संतापाची होती. इतर दोघींचं सोड, त्या जन्माच्या भित्र्या. पण ही? हिच्या बाळंतपणात मी हिचा बोर्ड सांभाळला, स्वतःचा सांभाळून. दोन गल्ल्या. चपला घालायच्या आणि यायचं. अस्वल पाठवते.

बॅटरी संपत आली होती. तीन नंबरने मोबाइल झरोक्यात ठेवून दिला, पितळेचा जड तांब्या उचलला आणि भिंतीवरून वर गेलेल्या लोखंडी पाइपवर हाणायला सुरुवात केली. कसंतरी वाजवणं तिला जमेना. हात आपोआप जुन्या ठेक्यात पडला. एक लांब, दोन आखूड. एक्स्चेंजमध्ये तातडीच्या कॉलची हीच घंटा असे.

तिने मनगट दुखेपर्यंत वाजवलं. पाणी गुडघ्याशी आलं. आणि मग बाहेरच्या खोलीत कोणीतरी पाण्यातून छपछप करत आल्याचा आवाज झाला.

“कोणी आहे का घरात?”

आवाज वरच्या मजल्यावरच्या मास्तरांचा होता. मास्तर गणिताच्या शिकवण्या घेत, आणि जिन्यात भेटले की इमारतीतल्या आवाजांविषयी बोलत.

“मी आत आहे. बाथरूममध्ये,” तीन नंबर ओरडली.

“ते कळलंच मला,” मास्तर दाराबाहेरून म्हणाले. “मी त्याच संदर्भात आलोय. माझा ऑनलाइन वर्ग चालू आहे. अशा हवेतसुद्धा मी वर्ग बंद ठेवला नाही. आणि तुमचा हा ठोका थेट माझ्या फळ्यामागून येतोय. मुलांना वाटतंय मीच काहीतरी तोडतोय.”

“मास्तर, आधी कडी काढा.”

“काढतो. पण मागेही मी तुम्हाला मिक्सरबद्दल बोललो होतो.”

“पाणी गुडघ्याला आलंय माझ्या.”

“तुमचा मुद्दा मला मान्य आहे. पण माझीही बाजू समजून घ्या. मुलांचं लक्ष एकदा उडालं की—”

“मास्तर, मी हा तांब्या संध्याकाळपर्यंत वाजवू शकते.”

कडी निघाली. दार उघडलं तसं आतलं पाणी मास्तरांच्या पँटवर गेलं. मास्तरांनी आधी पँटकडे पाहिलं, मग भिजून थरथरणाऱ्या तीन नंबरकडे पाहिलं, आणि त्यांचा चेहरा उतरला.

“अहो, मग आधी नाही का सांगायचं?”

“सांगतच होते. सगळ्या दुनियेला सांगून झालं. तुम्हीच राहिला होतात.”

मास्तरांनी तिला खुर्चीवर बसवलं, टॉवेल आणून दिला, ढिली कडी बोटाने हलवून पाहिली आणि ती दुरुस्त करून घ्यायचा सल्ला दिला. मग त्यांना वर्ग आठवला आणि ते गेले. तीन नंबर बसून राहिली नाही. तिने कोरडे कपडे घातले, झरोक्यातला मोबाइल घेतला आणि वारा जरासा मंदावलेला बघून रस्त्याला लागली.

आता कुणी म्हणेल, अशा अवस्थेत माणसाने गरम काहीतरी पिऊन पडून राहावं. पण संताप थंड होऊ द्यायचा नसतो, हे तीन नंबरला चांगलं माहीत होतं. उद्या सकाळी तिला चार नंबरची दया आली असती, परवा चार नंबरने काहीतरी कारण सांगितलं असतं, आणि तेरवा दोघी चहा पीत बसल्या असत्या. ते तिला नको होतं. रस्त्यावर फांद्या पडल्या होत्या, एक पत्रा कुठून तरी उडून येऊन खांबाला मिठी मारून बसला होता, पाण्यातून पाय उचलावा लागत होता. तीन नंबर एकेक पाऊल टाकत मनातल्या मनात वाक्य घासूनपुसून लख्ख करत होती. पहिल्या गल्लीत ते फार लांब होतं. त्यात बाळंतपण होतं, अस्वल होतं, डबे होते. दुसऱ्या गल्लीत शिरेपर्यंत तिने ते सगळं काढून टाकलं. उरलं ते एवढंच: ‘तुझं बोट तेवढं चालतं, पाय चालत नाहीत वाटतं.’ यावर चार नंबरकडे उत्तर असणं शक्य नव्हतं.

चार नंबरचं दार नुसतं लोटलेलं होतं. तीन नंबरने ते हाताच्या पंज्याने धाडकन उघडलं, आत गेली, आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात तोंड उघडून उभी राहिली.

चार नंबर फरशीवर, पाण्यात, कपाटाला टेकून बसली होती. पायरीवरच्या कुंड्या आत आणताना घसरली होती. कुंडीची माती सगळीकडे पसरली होती. उजवा पाय घोट्यापासून टम्म सुजून निळा पडला होता आणि ती दोन्ही हातांनी तो धरून बसली होती.

“आलीस?” चार नंबर म्हणाली. तिचा आवाज ओरडून ओरडून बसला होता. “सकाळपासून पडलेय इथे. सरकताही येत नाही. तिकडे आतल्या खोलीत फोन वाजतोय, वाजतोय. तूच केला होतास ना?”

“हो.”

“मग उचलत नाही म्हटल्यावर तुला काही वाटलं नाही? दोन गल्ल्या सोडून तर राहतेस. दिवसभर तुला शिव्या घालतेय मी.”

“तू लाइन ठीक म्हणून लिहीत होतीस.”

“मी? मी कशाला लिहू?”

तेवढ्यात भिंतीवरच्या घड्याळाचा ठोका पडला. आतल्या खोलीत चार्जरला लावलेला चार नंबरचा मोबाइल टुंग वाजला. तीन नंबरच्या हातातला मोबाइलही वाजला. तिने पाहिलं. चार, लाइन ठीक. समोर चार नंबर दोन्ही हातांनी पाय धरून बसलेली होती.

“अगं हां, ते,” चार नंबर म्हणाली. “मुलाने लावून दिलंय. काल येऊन गेला. म्हणाला, तू विसरशील आणि तुझ्या बाई ओरडतील, म्हणून दर तासाला आपोआप जाईल असं करून ठेवतो. त्यालाही जातो तोच मेसेज. म्हणजे त्याच्याही जिवाला घोर नको.”

“चांगला आहे मुलगा.”

“चांगला आहेच. मागे तू तापाने पडलीस ना, तेव्हाही मी त्याला म्हटलं, मला तिच्याकडे सोड. गुडघ्याने पायरीसुद्धा उतरवत नव्हती. तर म्हणाला, आई, तू कशाला जातेस, आणि त्याने इथे बसल्या बसल्या काहीतरी पाठवून दिलं. काय पाठवलं होतं गं?”

“अस्वल,” तीन नंबर म्हणाली.

चार नंबरने विचारलं, “तुला कसं कळलं मी पडलेय ते?”

तीन नंबरच्या जिभेवर ते वाक्य अजून तसंच होतं, लख्ख आणि धारदार. तिने चार नंबरच्या निळ्या पायाकडे पाहिलं आणि ते कडू औषधासारखं गिळून टाकलं. मास्तर आले ते तक्रार घेऊन. ती आली ती भांडण घेऊन. नुसत्या काळजीने घराबाहेर पाऊल टाकलेलं माणूस तिला आज दिवसभरात एकही भेटलं नव्हतं, स्वतःला धरून. याची तिला इतकी लाज वाटली की ती सरळ खोटं बोलली.

“उगाच. जिवाला चैन पडेना, म्हणून आले.”

चार नंबरचे डोळे भरून आले. “एवढ्या सगळ्यांत तू एकटी आलीस,” ती म्हणाली, आणि तीन नंबरने तिच्या पायाखाली ठेवायला काहीतरी शोधण्याच्या निमित्ताने तोंड फिरवलं.

मोबाइल पुन्हा वाजला. बाईंचा मेसेज होता. “चार नंबरने आज एकही ठोका चुकवला नाही. एक्स्चेंजची शान राखली. इतरांनी बोध घ्यावा. तीन नंबरने भलत्या तक्रारी करून लाइन अडवली, याची खेदाने नोंद घेतली आहे.” त्याखाली एक नंबर आणि पाच नंबरने टाळ्या वाजवणारे हात पाठवले होते.

“काय आलंय गं?” चार नंबरने विचारलं.

“तुझं कौतुक करतायत.”

“कशाबद्दल?”

“तू वेळेवर असतेस म्हणून.”

तीन नंबरने चार नंबरला काखेत धरून उचलून पाहिलं. जमेना. दोघी मिळून एकदा उठल्या आणि दोघी मिळून पाण्यात बसल्या. चार नंबर कळवळून म्हणाली, “अगं, तुझ्या एकटीचं काम नाही हे. फोन कर ना कुणाला तरी. ग्रुपवर टाक.”

“ग्रुप नको,” तीन नंबर म्हणाली. “तुझ्या वर कोण राहतं?”

“एक जोडपं आहे. त्यांचं काही विचारू नकोस. महाभांडखोर. माझा टीव्ही जरा मोठा झाला तरी दोघंही तणतणत खाली येतात.”

“दोघंही येतात?”

“दोघंही.”

“मग झालं,” तीन नंबर म्हणाली. तिने ओट्यावरचं सगळ्यात मोठं पातेलं उचललं, भिंतीवरून वर गेलेला लोखंडी पाइप नीट बघून घेतला, आणि पदर खोचून वाजवायला सुरुवात केली. एक लांब, दोन आखूड.